कूलरच्या हवेत घडलेली बेस गिटार

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नेमकं काय?" मग मी सांगते की चार जाड तारांची, लांब मानेची गिटार असते, तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली की गाण्याखालची सतरंजी कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं. एवढं सगळं ऐकून लोक मान डोलावतात आणि गायला कोण होतं ते विचारतात. दादाला याचं कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं. मला एकूणच पटकन वाईट वाटतं आणि त्याहून पटकन राग येतो.

आमचं घर अमरावतीचं. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं काम होतं. जळालेला पंप आला की तो उघडायचा, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, फेरे मोजायचे आणि तेवढेच फेरे नव्या तारेचे भरायचे. दादाला त्यात रस नव्हता. तो कॉलेजात गेला तो गाण्याबजावण्याच्या नादाला लागला आणि पुढं अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये नोकरी धरून तिकडचाच झाला. जठारपेठेत घर केलं, लग्न केलं. वडिलांच्या हाताखाली मी राहिले. त्यांच्यामागं कामही माझ्याकडेच आलं. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मिस्त्री कोठी हाये?" मी म्हणायची, "मीच." काही जण पंप उचलून परत जायचे. जावोत बापडे. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यांतून मोटारी यायच्या, त्यांना बाई-बाप्याशी घेणंदेणं नव्हतं, मोटार फिरल्याशी होतं.

गिटारीत मी पडले ती दादामुळेच. एकदा त्याची बेस मुकी झाली. तारांच्या खाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो फेरे. वरची तार थरथरली की इथं वीज तयार होते आणि ती पुढं स्पीकरला जाते. ही आतली तार तुटली होती. दादा बेस घेऊन आला आणि म्हणाला, "तू एवढ्या मोटारी भरते, हे भरून दे." मी आईच्या शिलाई मशीनला लाकडाचा एक तुकडा बांधून त्यावर गुंडाळायला बसले. मोटारीची तार ओढून, ठोकून बसवायची सवय असलेला माझा हात. ही तार जोरात श्वास सोडला तरी तुटायची. सात वेळा तुटली. सातव्यांदा मी मशीनला लाथ घातली. आठव्यांदा जमलं. दादानं बेस स्पीकरला जोडून जाड तार छेडली तेव्हा भिंतीतल्या फडताळातले स्टीलचे पेले वाजायला लागले, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

तिथून चटक लागली. पिकअप जमला तर अख्खी गिटार का नाही, असं म्हणून मी लाकूड आणलं. पहिली गिटार म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ती दरवाजाएवढी जड झाली होती आणि सुरात तर दरवाजाच बरा. पण मी चिकट आहे. आरा मशीनवाले एक चाचा होते, त्यांच्याकडे मेळघाटातलं जुनं सागवान आणि शिवणीचं हलकं लाकूड मिळायचं. त्यांनी मला लाकूड वाचायला शिकवलं. मी घाई केली की ते म्हणायचे, "बाई, लकडी जिस हवा में रहनेवाली है, उसी हवा में बनाओ. सालभर घर में पडी रहने दो, उसको पता चलने दो किधर आई है." मी ते पाळायची. माझ्याकडची प्रत्येक फळी एक उन्हाळा आणि एक पावसाळा मागच्या खोलीत काढायची, मगच तिला करवत लागायची.

हळूहळू नाव झालं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं अख्ख्या वऱ्हाडात हातानं इलेक्ट्रिक गिटार करणारी मी एकटीच म्हटल्यावर कॉलेजची पोरं यायला लागली, ऑर्केस्ट्रावाले यायला लागले. एकच तक्रार होती. मी वेळेवर काही द्यायची नाही. झालेली गिटार रंगवायच्या आधी मी पुन्हा उघडायची, पिकअप पुन्हा भरायची, मान पुन्हा तासायची. दुरुस्तीला आलेली गिटारही आठ-आठ महिने भिंतीवर. दादा म्हणायचा, "तुह्याकडे देल्ली गिटार आन् कोर्टात गेलेली केस, सारखंच." तो हसून म्हणायचा आणि मीही हसायची. मला त्यात माझा मोठेपणाच वाटायचा, हे आता कबूल करते.

दादाला साखरेचा आजार पन्नाशीच्या आधीच लागला होता. त्यानं तो मनावर घेतला नाही, आणि आमच्या वहिनीनं कितीही डबे लपवले तरी ऑर्केस्ट्राच्या लग्नांत जिलबीला काय तोटा? आधी पायाची बोटं बधिर झाली. मग हाताची. तो सांगायचा, "बोटाइत मोजे घातल्यासारखं वाटते. तार दाबली का नाई दाबली, पाहून घ्या लागते." त्याची जुनी बेस लांब होती, जड होती, तिच्या तारा दाबायला जोर लागायचा. स्टेजवर दोन-तीन वेळा चुकल्यावर त्यानं ती ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या वादकाला देऊन टाकली आणि घरी बसला.

तेव्हा मी त्याला शब्द दिला. म्हटलं, तुझ्यासाठी मी बेस करते. मान आखूड, म्हणजे हात लांब जायला नको. अंग शिवणीचं, म्हणजे खांद्याला भार नको. तारा इतक्या खाली बसवते की नुसतं बोट टेकवलं तरी सूर निघेल. तो लहान मुलासारखा खूश झाला.

ती बेस व्हायला तीन वर्षं लागली. पहिली मान केली, ती पावसाळ्यात केसभर वाकली, फेकून दिली. दुसरी केली ती चांगली होती, पण मला आवडली नाही. का आवडली नाही ते आज सांगता येत नाही. दादा सुरुवातीला दर आठवड्याला फोनवर विचारायचा. मग महिन्याला. मग त्यानं विचारणं बंद केलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

यंदा मार्चात वहिनीचा फोन आला. ती फार बोलणारी बाई नाही. म्हणाली, "ताई, हे दिवसभर सोफ्यावर बसून राह्यते, आन् डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट दाबत राह्यते, जसं काई थे गिटारच हाये. मले पाह्यल्या जात नाई. तुमी यायले थे देऊन टाका एकदाचं." मला तिचा राग आला, म्हणजे माझा मलाच आला आणि तिच्यावर काढला. काहीतरी फटकन बोलून मी फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मानेचं लाकूड काढलं.

मे महिन्यात मान तासायला आली तेव्हा मी दादाला बोलावून घेतलं. बोटांना कळत नाही तर तळहाताला कळेल, मनगटाला कळेल; त्याच्या हातात धरूनच मान उतरवू, असं माझं गणित होतं. तो बारा दिवस राहिला. माझी कामाची खोली मागच्या अंगाला, वर टिनाचं छप्पर. अमरावतीचा मे महिना आणि टिनाची खोली म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी स्वतः डोक्याला ओला दुपट्टा बांधून त्यात काम करते, लाकडासाठी. तिथं मी कधी कूलर लावत नाही. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी दादाला घेरी आली. तो घामानं भिजला होता आणि तरी म्हणत होता, "काई नाई झालं, तू कर." मी पुढच्या खोलीतला कूलर ओढत आणला, त्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि त्याच्या खाटेच्या दिशेनं लावून दिला.

खाट भिंतीला लागून होती. भिंतीवरच्या खिळ्याला ती मान टांगलेली असायची.

बाहेरची धूळ आत येऊन ताज्या तासलेल्या लाकडावर बसू नये म्हणून मी दार लावून घ्यायची. कूलर लावला की एखादं दार-खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर हवा कोंदून अंग चिकट होतं, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतंच. मोटार भरल्यावर भट्टीत वाळवल्याशिवाय मी कधी वॉर्निश दिलेलं नाही, कारण आत एवढासा ओलावा राहिला तरी ती जळते. ते तीस वर्षं हाताला माहीत होतं. पण दादाला गार वाटत होतं, तो खाटेवर पडून मला जुन्या कार्यक्रमांच्या गोष्टी सांगत होता, मध्येच मी मान त्याच्या हातात द्यायची, तो डोळे मिटून म्हणायचा, "अथी जराशी जाड लागते," आणि मी तिथं कानस फिरवायची. इतके चांगले दिवस मला कितीतरी वर्षांत आले नव्हते. बारा दिवस त्या लाकडानं कूलरचं पाणी प्यायलं आणि मी एकदाही तिकडं पाहिलं नाही.

मानेवर आडव्या पितळी रंगाच्या पट्ट्या बसवतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट कुठं दाबायचं ते त्या ठरवतात. त्या पट्ट्यांची दोन्हीकडची टोकं मानेच्या कडेशी अगदी सपाट घासावी लागतात, कारण वाजवणाऱ्याचा हात सतत त्या कडेवरून सरकत असतो. माझी यासाठी एक रीत आहे. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा घ्यायचा आणि कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी त्या जागी पुन्हा कानस. दादाच्या बेसवर मी तो बोळा बहुतेक वीस वेळा फिरवला असेल. शेवटी एकही तंतू अडकला नाही. मानेला नुसतं तेल दिलं. एरवी मी जाड थर दिला असता, वाळवला असता, पुन्हा घासला असता. पण मला भीती वाटत होती की आता थांबले तर मी ही पुन्हा उघडीन. म्हणून जुन्या चादरीची पिशवी शिवली, बेस तिच्यात घातली आणि दादाला स्टँडवर जाऊन अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. ठरल्या दिवशी काम दिल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. परत येताना मी स्वतःवर इतकी खूश होते की रिक्षावाल्याशीही भांडले नाही.

मग रोज फोन. "कशी हाये?" "मस्त." "हाताले कशी वाटते?" "लोण्यासारखी." तो वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून तासन् तास वाजवायचा. वहिनी मागून ओरडायची की जेवायला या, आणि तो फोनवर मला ऐकवायचा, "पाह्य, बायको बलावून राह्यली आन् मी नाई चाललो." त्याच्या आवाजात तरणेपण आलं होतं. पंधरा दिवस असे गेले.

जूनमध्ये पाऊस लांबला होता. एका सकाळी वहिनीचा फोन आला, "ताई, यायचं बोट काळं पडून राह्यलं. दवाखान्यात भरती केलं. तुमी या." मी मिळेल ती बस धरली. मूर्तिजापूरच्या पुढं कुठंतरी बस बंद पडली, तिथं तासभर उभी राहिले. मनात एकच होतं की पाय असेल, हात नसू दे. मग लक्षात आलं की पायाचं असतं तर ती 'पायाचं' म्हणाली असती.

डाव्या हाताची तर्जनी होती. तळापासून सुजलेली, टोकाकडे निळी-काळी. डॉक्टरांनी सांगितलं की जखम लहानच होती, पण चिघळत राहिली. साखर जास्त, रक्त पोचत नाही, बोट काढावं लागेल, उशीर केला तर हात. दादा झोपेच्या औषधात होता. मी वहिनीला विचारलं, जखम कशानं झाली? ती म्हणाली, "लोणच्याच्या कैऱ्या फोडताना लागलं म्हणे विळ्याले. आठ-दहा दिवस झाले. पट्टी लावून फिरत होते. मले वाटलं सुकलं असन."

दादाचे कपडे आणायला मीच घरी गेले. वरच्या खोलीत पाऊल टाकलं तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. कूलर खाली हॉलमध्ये; वर नुसता पंखा, आणि डोक्यावर तापलेला स्लॅब. बेस पलंगावर होती. खरं तर मी ती केवळ सवयीनं उचलली. डाव्या हातानं मान धरली आणि हात वरून खाली सरकवला, जसा वाजवणारा सरकवतो, आणि कचकन हात मागं घेतला. तळहातावर तीन ओरखडे उठले होते.

खिडकीपाशी नेऊन पाहिलं. लाकूड आक्रसलं होतं. ओल्या हवेत फुगलेली मान मी सपाट घासली होती, आणि इथल्या कोरड्या उन्हात ती आपल्या मूळ अंगावर आली होती. लाकूड आत गेलं आणि फ्रेटची टोकं जिथल्या तिथं राहिली. प्रत्येक पट्टीचं टोक कडेच्या बाहेर आलं होतं, अगदी थोडंसं, नखाच्या जाडीएवढंही नाही, पण करवतीला तरी त्याहून जास्त काय लागतं? वहिनीच्या देवघरातला कापूस आणून फिरवला. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत त्याचे झुपके लटकले. वरच्या चार-पाच टोकांशी लाकडात तपकिरी काहीतरी मुरलं होतं. तेल नव्हतं ते.

मी खाली फरशीवर बसले. कुणालातरी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, आणि यादीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चांगल्या बोटाच्या माणसानं पहिल्या मिनिटाला "आई गं" म्हणून ती खाली ठेवली असती आणि मला फोनवर चार शब्द सुनावले असते. दादाची बोटं त्याला सांगत नव्हती. हे माहीत असूनच तर मी त्याच्यासाठी ती केली होती.

दवाखान्यात परत येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. कूलर, लाकूड, टोकं, सगळं. न सांगता चाललं असतं. तिला त्यातलं काही कळलं नसतं आणि कैरीवर निभावलं असतं. पण मला ते तोंडात धरून ठेवता येईना. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे थे विळ्यानं नाई झालं?"

"नाई."

"मंग यायनं मले कैरीचं कावून सांगतलं?"

त्या क्षणापर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाला दुखलं नसेल, कळलं नसेल, असंच मी धरून चालले होते. पण रक्त दिसतं. पट्टी त्यानं स्वतः लावली होती. कैरीची थाप त्यानं मारली होती, म्हणजे जखम कशाची आहे ते त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनला न्यायच्या आधी, तो जागा होता. वहिनी चहा आणायला गेली होती. मी ठरवलं होतं की आज चिडायचं नाही. खुर्ची ओढून बसले आणि तोंड उघडल्या उघडल्या चिडले.

"तुले दिसलं होतं ना रक्त? पयल्याच दिवशी दिसलं असन. मले कावून नाई सांगतलं?"

तो छताकडे पाहत होता. "पयल्या दिवशी नाई. चार-पाच दिसानं."

"मंग? फोन तर रोज करत होतो ना आपुन? लोण्यासारखी म्हणत होता तू मले!"

"सांगतलं असतं तर तू नेली असती," तो म्हणाला.

मी त्याच्या अंगावरची चादर नीट करायला लागले.

"तू म्हणली असती, घेऊन ये, नाईतर मीच येते न्यायले. मंग थे खिळ्याले टांगली असती. मंग तुले मान पसंत पडली नसती. मंग पिकअप पुन्ना भरला असता." तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. हिशेब सांगावा तसा सांगत होता. "तीन वर्सं बिनबेसचा बसलो बापा मी. आता कुठी हाती आली होती. म्हटलं, वाजवून घेऊ. बोटाले काय, दुखत तर हाये नाई."

वहिनी चहा घेऊन आली. त्याला चहा चालणार नव्हता, ऑपरेशन होतं; तो माझ्यासाठी होता. मी तो प्यायले.

तर्जनी मुळापासून काढली. बाकी हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही मान हलवली. दोन दिवसांनी दादाला घरी सोडलं. मी तोवर अकोल्यातच होते, आणि अमरावतीला निघताना कुणाला न विचारता बेस चादरीच्या पिशवीत घालून घेऊन आले. दुरुस्त करायला नाही. माझ्या मनात करवत होती. मागच्या खोलीत टेबलावर ती उताणी टाकली, लाकूड आवळायच्या शिकंज्यात धरली, करवत हातात घेतली. मग दिसलं की चाचांच्या सागवानाची ती मान किती सरळ आली होती. इतकी चांगली मान मी त्याआधी केली नव्हती आणि पुढं होईल असं वाटत नाही. मी करवत ठेवली आणि कानस घेतली.

कोरड्या हवेत आक्रसून लाकूड जितकं आत जायचं तितकं गेलं होतं, त्यामुळे आता घासलं ते कायमचं. एका बाजूची टोकं, मग दुसऱ्या बाजूची. बारीक पॉलिश पेपर. मुरलेलं रक्त मात्र निघालं नाही, ते तसंच राहिलं. काम संपल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. चाळीस मिनिटं झाली होती. मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं. चाळीस मिनिटांचं काम होतं, आणि माझ्याकडे ते दिलं तर परत मिळणार नाही म्हणून माझ्या भावानं बोट दिलं. जिच्यावर मी तीस वर्षं नाक वर करून चालले, ती माझी हीच खोड. मला कुणी वेळेवर थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

तोंड धुतलं आणि दुपारच्याच बसनं परत निघाले.

जठारपेठेत पोचले तेव्हा वहिनीनं दार उघडलं. तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली आणि ती दारातच उभी राहिली. "ताई, थे घरात नोको," ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर पिशवी हिसकून रस्त्यावर फेकली असती. मी काही वाद घातला नाही. पिशवीतून बेस काढली आणि तिच्यापुढं आडवी धरली. मग पदराला हात पुसून तिनं मानेच्या एका कडेवरून तळहात फिरवला, वरून खाली, सावकाश, तवा तापला का ते पाहावं तसा जपून. मग दुसऱ्या कडेवरून. मग पुन्हा पहिल्या. हात उलटून पाहिला. आणि बाजूला सरकली.

दादा हॉलमध्ये दिवाणावर बसला होता. डावा हात पट्टीत, उशीवर ठेवलेला. मला पाहून तो काही म्हणाला नाही, पिशवी पाहून म्हणाला, "आणली?" मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. डाव्या हातानं काही करायचं नव्हतं अजून, म्हणून त्यानं उजव्या हाताचा अंगठा मानेच्या कडेवर टेकवला आणि पुढं-मागं नेला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पुन्हा नेला. मग त्यानं आमच्याकडं पाहिलं.

"झाली का बराबर? मले त काई समजत नाई."

मी तोंड उघडलं, पण स्वतःच्या कामाबद्दल "झाली" म्हणायची माझी हिंमत होईना.

"झाली," वहिनी म्हणाली. "म्या हात फिरवून पाह्यला."

त्यानं मान डोलावली. तीन बोटांवर कसं वाजवता येईल ते तो मला सांगू लागला; मधल्या बोटावर भार घ्यायचा, करंगळी वाढवायची, खालच्या दोन तारांवर बरंचसं निभतं. पट्टी सुटायला महिना आहे, तोवर नुसती जवळ ठेवतो म्हणाला. मी ऐकत होते. बोलता बोलता तो थांबला.

"आता नेत नाई ना?"

"नाई नेत," मी म्हणाले. "पुन्ना काई झालं तर मीच कानस घेऊन येईन. अथीच बसून करीन, तुह्यासमोर."

"हो," तो म्हणाला.

वहिनीनं ताटं वाढली. आम्ही जेवलो, मी भांडी विसळू लागले, तिनं ती माझ्या हातून घेतली. शेवटच्या बसची वेळ झाली तशी मी उठले, दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दारातून वळून पाहिलं. मी आल्यापासून त्यानं उजव्या हातानं बेसची मान धरली होती. जेवतानाही त्यानं ती सोडली नव्हती, वहिनीनं त्याला घास भरवले होते. मी चपला घालून पायऱ्या उतरेपर्यंत त्यानं ती तशीच घट्ट धरून ठेवली होती.